सिएना येथील सुराज्याचें चित्र

इटलींतील सिएना हें नगर लहान खरें. परंतु चित्रकलेच्या इतिहासांत त्याचें नांव मोठमोठ्या राजधान्यांच्या बरोबरीनें घेतलें जातें. टस्कनी प्रांतांतील तीन टेकड्यांवर वसलेल्या या नगराच्या शासनगृहांत आंब्रोज्यो लोरेंझेत्ती या चित्रकारानें १३३८-३९ या सालीं एका दालनाच्या तीन भिंती रंगविल्या. सुराज्य व दुःशासन यांची रूपकें आणि त्यांचे परिणाम हा त्यांचा विषय. त्यांपैकीं सुराज्याच्या परिणामांची भिंत विशेष प्रसिद्ध आहे. परंतु तिची जी स्तुति बहुधा होते ती अपुरी आहे, असें आम्हांस वाटतें.

या भिंतीच्या एका अंगास नगर, दुसऱ्या अंगास ग्रामप्रदेश आणि मध्यें वेस आहे. नगरांत गवंडी घर बांधीत आहेत, दुकानें उघडीं आहेत, चौकांत नर्तकांनीं फेर धरला आहे. वेशीबाहेर टेकड्या, द्राक्षमळे व शेतें दूरवर पसरलीं आहेत. मध्ययुगीन युरोपांत इतक्या विस्तारानें व डोळसपणें भूप्रदेश रंगविल्याचें उदाहरण यापूर्वीं आढळत नाहीं, हें यथार्थ आहे. मात्र तेवढ्यावरून यास निसर्गचित्र ठरविणें म्हणजे त्याचा प्राणच वगळणें होय. येथें पेरणी, कापणी व मळणी एकाच वेळीं चालली आहे! असा दिवस कोणत्याही शेतकऱ्यानें पाहिलेला नाहीं. अर्थात् चित्रकार देखावा उतरून घेत नसून राज्यकर्त्यांच्या वतीनें एक प्रतिज्ञा मांडीत आहे.

त्या प्रतिज्ञेची किंमतही त्यानें लपविलेली नाहीं. वेशीवर निर्भयतेची देवता तरंगत आहे. सर्वांनीं निःशंकपणें वाट चालावी व शेत पेरावें अशा आशयाचा लेखपट तिच्या एका हातांत आहे. दुसऱ्या हातांत फांसाचा खांब असून त्यास एक मनुष्य लटकलेला आहे. अभय आणि दंड एकाच मूर्तीच्या दोन हातांत! शांति ही निसर्गाची देणगी नसून न्यायानें राखावयाची वस्तु आहे, हें इतक्या थोडक्यांत सांगणारें चित्र विरळाच.

तथापि या चित्रास एक मर्यादा आहे. वेशींतून धनिक मंडळी ससाणा घेऊन शिकारीस निघाली आहे. उलट ग्रामीण लोक लादलेलीं जनावरें व पांढऱ्या पट्ट्याचें काळें डुकर घेऊन नगराकडे येत आहेत. एकाच रस्त्यानें विलास बाहेर जातो आणि धान्य आंत येतें. सिएना आपल्या ग्रामप्रदेशावर कर बसवी व त्याच्याच धान्यावर जगे; त्या कराचा भार शेतकऱ्यास कसा वाटे, हें चित्र विचारीत नाहीं. तें वेशीच्या आंतून पाहिलेलें आहे.

मग ही केवळ आश्रयदात्यांची भाटगिरी काय? तसें म्हणवत नाहीं. १२८७ पासून १३५५ पर्यंत सिएनावर नऊ जणांच्या मंडळाची सत्ता होती, आणि हें दालन त्याच मंडळाच्या बैठकीचें. तेथें समोरच्या भिंतीवर शिंगें असलेली जुलूमशाही विराजमान असून तिच्या पायांशीं न्यायदेवता जखडलेली आहे. तिच्या नगरांत शस्त्रें घडविणारा कारागीर तेवढा कामांत दिसतो. सत्ताधाऱ्यांस हीं दोन्ही दृश्यें बसल्या जागीं पाहावीं लागत. भाट असा आरसा समोर धरीत नाहीं.

पुढें १३४८ च्या महामारीनें नगर उजाड केलें. १३३९ मध्यें आरंभिलेला महामंदिराचा विस्तार अर्धवट राहिला. १३५५ मध्यें तें मंडळ उलथून पडलें. १५५५ मध्यें वेढ्यानंतर नगराचें स्वातंत्र्यही गेलें. प्रतिज्ञा करणारे गेले. परंतु सिएनाच्या दक्षिणेकडील ओर्चा खोऱ्याची नोंद युनेस्कोनें २००४ मध्यें जागतिक वारशांत केली, ती सुराज्याच्या अशाच आदर्शास अनुसरून घडविलेला प्रदेश म्हणून. राज्य करणाऱ्यांचें मोजमाप वेशीबाहेरच्या शेतावरून करावें, हें या भिंतीनें ठरवून दिलें. तिचें खरें मोठेपण आम्ही यांतच मानतों.