चढाईचं मोल परतीत असतं

शैली हा शब्द आपण एरवी कवितेसाठी, गाण्यासाठी वापरतो. आज तो कबड्डीच्या मैदानावर आणू. चढाईपटूची शैली चांगली की सामान्य, हे ठरवायचं कशावरून? आपल्या हातकणंगले-इचलकरंजी भागात कबड्डीचं वेड आहे, तेव्हा या प्रश्नावर इथं प्रत्येकाचं काही ना काही मत असणारच.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' नावाचा खेळाडू असतो. चेंडू काखोटीला मारून समोरच्या भिंतीतून वाट काढायची, हे त्याचं मुख्य काम. तिथं बॅरी सँडर्स आणि एमिट स्मिथ यांच्यावरून वर्षानुवर्षं वाद चालतो. सँडर्स झुकांड्या द्यायचा, मागं-आडवा पळायचा. कधी जागच्या जागी अडकायचा, तर कधी एकदम सगळं मैदान पार करायचा. स्मिथ मिळेल तेवढी फट घ्यायचा, थोडं थोडं पुढं सरकायचा. त्याच्या नावावर कारकिर्दीत १८,३५५ यार्ड आहेत. पण बघा, त्या खेळात गडी जिथं पडला तिथपर्यंतची कमाई त्याच्या खात्यावर जमा असते. परत यावं लागत नाही.

आपल्याकडं परत यावं लागतं! बचावपटूला हात लागला तरी तो गुण उधारीचा. मध्यरेषा गाठली की रोख. म्हणून माझं म्हणणं असं, की चढाईची शैली परतीवरून जोखावी. आत जाताना गडी किती रुबाबदार दिसला, ही दुय्यम गोष्ट.

प्रदीप नरवालची डुबकी घ्या. बचावाची साखळी मिटत येते, हात छातीच्या उंचीवर असतात, आणि हा त्या हातांखालून वाकून निसटतो. २०१७ च्या प्रो कबड्डीत हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्यानं एकाच चढाईत आठ गुण घेतले. आता पोरं मोबाइलवर ती डुबकी बघतात आणि मैदानात येऊन वाकतात. पण समोर साखळी मिटलेलीच नसेल, कोपऱ्यातला गडी खाली बसून घोट्याची वाट बघत असेल, तर वाकणं म्हणजे आपणहून पकड देणं. डुबकी हे एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न न वाचता उत्तर पाठ केलं की नापास!

अनुप कुमारचा खेळ याच्या दुसऱ्या टोकाला. उडी नाही, धसमुसळेपणा नाही. पाय लांबवून बोनस रेषा ओलांडायची, पायाचं टोक लावायचं, नाहीतर वेळ काढून शांतपणे परत यायचं. संघ दोन-तीन गुणांनी पुढं आहे, घड्याळ संपत आलंय. अशा वेळी तीस सेकंद खाऊन सुखरूप परत येणारी चढाई तक्त्यात शून्य दिसते. त्या शून्यानं सामना वाचलेला असतो. आकडेवारी हे सांगत नाही, म्हणून तर समीक्षा लागते.

पण म्हणजे सावधपणा हीच उत्तम शैली का? तसंही नाही. २०१६ चा विश्वचषक, अहमदाबाद. अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण पुढं होता. तिथं अजय ठाकूरनं धोका पत्करला, सामना फिरवला, भारत ३८-२९ जिंकला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. तिथं सावधपणाच महाग पडतो. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो, ते हेच: योग्य वेळी, योग्य प्रमाणात, योग्य कृती. त्याचं सूत्र वहीत लिहून देता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा, चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई. इतरांची चढाई जिथं संपते, तिथं याची सुरू होते. अंगावर पकड बसलीय, तरी दोघा-तिघांना ओढत तो मध्यरेषेकडं सरकतो. २०१९ च्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. परतीच्या कसोटीवर ही शैली पूर्ण उतरते. पण तिचा हिशेब खांद्यांनी आणि गुडघ्यांनी चुकवायचा असतो, हेही समीक्षकानं सांगितलंच पाहिजे. एका चढाईतून परत येणं वेगळं, आणि दहा वर्षं परत येत राहणं वेगळं.

इथल्या प्रशिक्षकांना म्हणून एकच विनंती. पोरांना चढाईची चित्रफीत दाखवाल, तेव्हा हात लागला तिथून सुरू करू नका. त्याच्या आधीचे पाच-सात सेकंद दाखवा: तो कुणाकडं बघतोय, वजन कुठल्या पायावर आहे, परतीची वाट कुठं मोकळी ठेवलीय. शैली तिथं घडते. पुढची उडी सगळ्यांना दिसते, टाळ्याही तिलाच मिळतात. पण 'कबड्डी कबड्डी' म्हणत आत गेलेल्या पोराला बाहेर आणतं, ते हे आधीचं बघणंच.