एक चेहरा, दोन छायाचित्रे

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्यानंतर मातीआड होत असलेल्या एका अनोळखी बालकाच्या चेहऱ्याची दोन छायाचित्रे जगासमोर आली. एक रघु राय यांचे, कृष्णधवल. दुसरे पाब्लो बार्थोलोम्यू यांचे, रंगीत. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा त्या वर्षीच्या सर्वोत्तम छायाचित्राचा मान दुसऱ्याला मिळाला. आपल्या स्मरणात मात्र बहुधा पहिलेच आहे. कित्येकांच्या मनात तर दोन्ही मिसळून एकच चित्र झाले आहे, आणि ते कृष्णधवल आहे.

कृष्णधवल की रंगीत, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न समजला जातो. जाणकारांना कृष्णधवल रुचते आणि लग्नसमारंभाला रंगीत लागते, अशी एक ढोबळ वाटणीही आपण करून ठेवली आहे. येथे विषय एक, ठिकाण एक, चेहराही एकच. चौकटीत आणि कोनात फरक असला तरी इतकी स्वच्छ तुलना क्वचितच हाती लागते.

रघु राय यांच्या चित्रात उघडे डोळे, भोवतीचे खडे आणि चेहऱ्यावरची माती हलकेच सारणारा एक हात, एवढेच आहे. रंग नसल्यामुळे चेहरा, माती आणि दगड एकाच द्रव्याचे वाटू लागतात. उत्खननात एखादी मूर्ती अर्धीच वर यावी, तसा तो चेहरा दिसतो. हाताची हालचालही मग विधीसारखी भासते. हे बालक भोपाळचे राहत नाही. ते हिरोशिमाचे असू शकेल, कोठल्याही काळातील कोठलेही असू शकेल. या चित्राचे सारे सामर्थ्य यात आहे, आणि माझा आक्षेपही येथेच आहे. मूर्तीपुढे आपण हात जोडतो आणि पुढे जातो.

बार्थोलोम्यू यांच्या चित्रासमोर ही सोय नाही. तेथे माती तपकिरी आहे, कातडीचा रंग त्या मातीत मिसळत चालला आहे, आणि डोळ्यांवरचा दुधाळ पडदा अधिकच उघडा पडतो. रचना म्हणून ते रघु राय यांच्या चित्राइतके बांधेसूद नाही, हे मान्य करावे लागेल. पण ते ठिकाण आणि वेळ सोडत नाही. शासकीय सेवेत ज्यांनी पंचनामे वाचले आहेत त्यांना ठाऊक असते की चांगला पंचनामा सुंदर नसतो. काय पडले होते, कोठे आणि कशा स्थितीत, हे तो सांगतो. रंगीत चित्राची जात ही आहे.

कृष्णधवल म्हणजे रंगाचे पाल्हाळ वगळलेले सत्य, हा समजही तपासून घ्यावा. आरंभीच्या काचांवरील रसायनाला तांबडा रंग जवळपास दिसतच नसे. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवरच्या तसबिरींत पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसते ते त्यामुळे. आणि पुढे कोणी तसबीर रंगवून घेतली असेल, तर शालूचा हिरवा हा चित्रकाराच्या कुंचल्याचा हिरवा. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला असताना कॅमेरा हाती घेणाऱ्या लाला दीनदयाळ यांना निवडीचा प्रश्नच नव्हता. पुढच्या काळात तो आला. तरीही कॅमेऱ्यात कोणता रोल भरलेला आहे यावर प्रसंग घडण्यापूर्वीच तो सुटलेला असे. आता मोबाइलमध्ये बोटाच्या एका स्पर्शाने रंग काढून टाकता येतो. त्यामुळे निर्णय सोपा झाला, पण त्याची जबाबदारी वाढली.

रंगाची बाजू भारतीय भूमीवरून सर्वांत आग्रहाने मांडली ती रघुबीर सिंग यांनी. रंग हा भारतीय दृष्टीचा अंगभूत भाग आहे आणि कृष्णधवलातील विषण्णता पाश्चात्त्य मनाची आहे, असा त्यांचा ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) मधील एकंदर रोख. पावसात एकमेकींना बिलगून उभ्या राहिलेल्या स्त्रियांचे त्यांचे १९६७ सालचे मोंघीरचे छायाचित्र पाहिले की हे पटते. पण त्यांचा रंग उत्सवाचा, जीवनेच्छेचा. भोपाळच्या मातीतल्या तपकिरी रंगाला या उपपत्तीत जागा कोठे आहे? रंग शोकाचाही असतो, आणि तो तितकाच आपला असतो.

उलट बाजूनेही एक दाखला आहे. शांतारामबापूंनी १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ रंगांत न्हाऊ घातला आणि दोनच वर्षांनी ‘दो आँखें बारह हाथ’ कृष्णधवलात काढला. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण तेथील सहा कैदी हे कोणतेही कैदी आहेत. ती दृष्टान्तकथा आहे. भोपाळ ही दृष्टान्तकथा नव्हे.

१९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. २०१० मध्ये सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. जानेवारी २०२५ मध्ये कारखान्याच्या आवारातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला आणला गेला आणि त्याच वर्षी जाळला गेला. प्रकरण चाळीस वर्षांनी आपल्या दाराशी आले. कृष्णधवल चित्र त्याला इतिहासात नेऊन बसवते. रंगीत चित्र तसे करू देत नाही. म्हणून कलाकृती म्हणून रघु राय यांचे चित्र श्रेष्ठ मानूनही, साक्षीला मी बार्थोलोम्यू यांचेच बोलावीन.

आपली पत्रिका एकाच शाईत निघते. येथे दोन्ही चित्रे छापली तर ती करडीच उमटतील, म्हणून ती या लेखासोबत दिलेली नाहीत. वाचकांनी ती मिळवून शेजारी शेजारी ठेवावीत, आणि आधी रंगीत पाहावे.