वाटणी चुकली तर? : बोव्हेरी यांचे अर्बुदांवरील पुस्तक

पेशीविभाजन शिकवताना आपण रंगीत खडूने गुणसूत्रे काढतो, ती मधोमध ओळीने मांडतो आणि दोन्ही टोकांना सारखी वाटून देतो. फळ्यावरची वाटणी कधी चुकत नाही. ती चुकली तर काय, असे एखाद्या मुलीने विचारले तर? थिओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९१४ साली याच प्रश्नावर एक छोटे पुस्तक लिहिले. ‘घातक अर्बुदांच्या उत्पत्तीच्या प्रश्नाविषयी’ असा त्याच्या नावाचा अर्थ. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या पत्नी मार्सेला, ज्या स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या, यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२९ मध्ये आले आणि हेन्री हॅरिस यांचे टीपांसह नवे भाषांतर २००८ मध्ये. शिक्षकांनी हे दुसरे वाचावे.

गंमत अशी की पुस्तकातला सर्वांत भक्कम पुरावा कर्करोगाचा नाहीच. तो सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांचा आहे. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की विभाजनाची दोनऐवजी चार टोके तयार होतात आणि अंडे एकदम चार पेशींत फुटते. अंड्याची १८ आणि दोन शुक्रपेशींची ३६, अशी ५४ गुणसूत्रे दुभंगून या चौघींत जमेल तशी वाटली जातात. बोव्हेरी यांनी अशा पेशी वेगळ्या करून वाढवल्या. प्रत्येकीची वाढ निराळ्या तऱ्हेने बिघडली, बहुतेक मेल्या. म्हणजे गुणसूत्रांची नुसती संख्या पुरत नाही. प्रत्येक प्रकारचे गुणसूत्र हवे.

वर्गात हे चिंचोक्यांनी करून पाहता येईल. १ ते १८ क्रमांकांचे प्रत्येकी तीन चिंचोके घ्या, ताटात खडूने चार भाग करा आणि ते उधळा. अठराही क्रमांक असलेला भाग सापडतो का पाहा. ही हुबेहूब नक्कल नव्हे, कारण पेशीत प्रत्येक गुणसूत्र आधी दुभंगते. पण मुद्दा हातात येतो.

आता बोव्हेरी यांची उडी. अशी एखादी पेशी मेलीच नाही, उलट शेजाऱ्यांना न जुमानता विभागत राहील असाच संच तिच्या वाट्याला आला तर? अर्बुदातील विषम विभाजने हान्सेमान यांनी १८९० मध्येच नोंदवली होती. त्यांचा परिणाम काय होईल हा विचार बोव्हेरी यांचा. अर्बुद एकाच पेशीपासून सुरू होते, काही गुणसूत्रे विभाजनाला आवर घालतात आणि काही त्याला चालना देतात, ही अनुमानेही याच पुस्तकात आहेत.

एवढ्यावरून त्यांना द्रष्टा ठरवण्याची हौस अनेकांना असते. मला ती पटत नाही. अर्बुदांचे आपले ज्ञान बहुतांशी वाचनातले आहे, हे बोव्हेरी यांनी स्वतःच कबूल केले आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हेदेखील १९५६ मध्ये नक्की झाले. तपासण्याचे साधनच नव्हते. हे अनुमान होते, आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे.

शिवाय त्यात एक मोठी उणीव आहे. बोव्हेरी यांचा सगळा भर चुकलेल्या संचावर आहे. चूक होण्याच्या वेगावर नाही. जनुकसंचाची अस्थिरता म्हणजे नेमका हा वाढलेला वेग. पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडले की अर्बुदातील पेशी पिढ्यान्‌पिढ्या बदलत राहतात आणि त्यांतील टिकाऊ पेशींची निवड होत जाते. एकाच औषधाने सगळे अर्बुद नाहीसे का होत नाही, हे त्यावरून काहीसे कळते. बोव्हेरी यांच्या एकदाच झालेल्या चुकीवरून कळत नाही.

शिवाय संच वरवर जवळपास शाबूत असूनही कर्करोग होतो. लिंच आजारात डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारे जनुक नादुरुस्त असते. त्यांपैकी पहिले जनुक १९९३ मध्ये सापडले. अशा अर्बुदांत गुणसूत्रांची संख्या पुष्कळदा नेहमीसारखीच असते, चुका अक्षरा-अक्षराच्या पातळीवर साचतात. उलट डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र जादा असते. त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, पण घट्ट गाठींचे कर्करोग मात्र इतरांपेक्षा कमी आढळतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याच्या हाती हे पुस्तक देताना ही दोन उदाहरणे आधी सांगावीत. मग त्याने बोव्हेरी यांच्याशी खुशाल वाद घालावा.