मोजायचे काय, चेहरा की नजर?

चेहरा ही माणसाची पहिली ओळख, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ओळख नुसत्या चेहऱ्यावर अवलंबून नसते. ओळखणाऱ्याची नजर कशी घडली आहे, यावरही ती अवलंबून असते. चेहऱ्याच्या मोजमापाचा इतिहास पाहिला म्हणजे या भेदामागचे राजकारण ध्यानात येते.

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ साली बंगालमधील जाती-जमातींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे, हे त्याचे माप. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियमच त्याने सांगितला. पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्तही तोच होता. मनूने जे धर्माच्या नावाने सांगितले, ते आता विज्ञानाच्या नावाने सांगितले जाऊ लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेणाऱ्या १९४८ च्या ग्रंथात, डॉ. घुर्ये यांनी अभ्यासलेल्या मोजमापांच्याच आधारे हा डोलारा पाडला. ही मापे खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हा त्यांचा निष्कर्ष. प्रतिपक्षाची पट्टी त्यांनी प्रतिपक्षावरच उलटवली.

रिस्लेचा दोष केवळ निष्कर्षापुरता नव्हता. जातीची सरासरी काढण्यासाठी त्याने मोजलेला एकेक माणूस पुसून टाकला, आणि मोजणाऱ्याच्या नजरेची तपासणी तर त्याच्या शास्त्रात बसतच नव्हती.

ही तपासणी पुढे मानसशास्त्राने सुरू केली. १९६९ साली माल्पास आणि क्रॅविट्झ यांनी अमेरिकेत काळ्या व गोऱ्या विद्यार्थ्यांना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली आणि नंतर त्यांतले ओळखायला सांगितले. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या काळे चेहरे ओळखण्यात अधिक चुका झाल्या. 'ते सगळे सारखेच दिसतात' हे वाक्य चेहऱ्यांचे वर्णन नसून बोलणाऱ्याच्या नजरेची मर्यादा आहे, हे येथे उघड झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याहून बोलका आहे. लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेली कोरियन मुले मोठेपणी आशियाई चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे अधिक चांगले ओळखत होती. ज्यांच्यात वाढली त्यांचे चेहरे ती शिकली. येथे रक्त कामी आले नाही, सहवास कामी आला.

२००६ साली ड्यूशेन आणि नाकायामा यांनी 'केंब्रिज चेहरा-स्मृती चाचणी' तयार केली. सहा चेहरे लक्षात ठेवायचे; मग ७२ प्रश्नांत, प्रत्येक वेळी तिघांतून त्यांपैकी एक ओळखायचा. केसांवरून ओळखता येऊ नये म्हणून छायाचित्रातून केस वगळलेले. माणसामाणसांतला फरक अशा चाचण्यांतून स्पष्ट दिसतो. कुणी अनेक वर्षांपूर्वी ओझरता पाहिलेला चेहराही ओळखतो, तर कुणाला घरच्या माणसाचा चेहराही ओळखता येत नाही. येथे माप पाहणाऱ्याला लावले गेले, हे मोठेच पाऊल. परंतु मूळ चाचणीतले सारे चेहरे गोऱ्या पुरुषांचे होते! इतर समाजांच्या चेहऱ्यांच्या चाचण्या नंतर आल्या. एका समूहाचे चेहरे घ्यायचे आणि त्यांवरून 'माणसाची चेहरा ओळखण्याची शक्ती' ठरवायची, ही रीत आपल्या परिचयाची आहे. मराठी समीक्षेचे मानदंड असेच घडले.

येथे एक आक्षेप येईल. काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न जातीला कसा लावणार? आक्षेप रास्त आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे तर बाबासाहेबांनीच सिद्ध केले. आपल्याकडे चेहऱ्यावरून जात कळत नाही. म्हणून तर आडनाव विचारतात, गाव विचारतात, गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारतात. पण २००७ साली अमेरिकेत बर्नस्टीन, यंग आणि ह्यूगनबर्ग यांनी केलेला प्रयोग पाहावा. गोऱ्या विद्यार्थ्यांना गोरेच चेहरे दाखवले. काहींवर 'आपल्या विद्यापीठाचा', काहींवर 'दुसऱ्या विद्यापीठाचा' असा शिक्का होता. 'दुसऱ्या'चे चेहरे कमी लक्षात राहिले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितकाच ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही प्रश्न उरतोच. विद्यापीठाच्या नावाने जर नजर मंदावू शकते, तर पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या जातीच्या शिक्क्याने काय होत असेल?

दलित आत्मकथनांविषयी 'सगळी एकसारखीच' हा शेरा आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. 'बलुतं' (१९७८) मधला गाव आणि मुंबई यांच्यामध्ये ओढला जाणारा दगडू, 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मधला शिक्षणासाठी धडपडणारा पोरका मुलगा, 'उपरा' (१९८०) मधले कैकाड्याचे भटके बिऱ्हाड, 'जिणं आमुचं' (१९८६) मधल्या बायकांचे दुहेरी दास्य: हे चेहरे एकसारखे आहेत काय? भूक आणि अपमान सर्वत्र आहेत, हे खरे. पण दोन डोळे आणि एक नाकही सर्वांनाच असते. त्यामुळे माणसे एकसारखी ठरत नाहीत. हा शेरा मारणाऱ्या समीक्षकाने ही पुस्तके वाचली असतील, पण शिक्का पाहून वाचली. शिक्का दिसला की तपशील पाहण्याची गरज संपते.

आपल्या चळवळीलाही ही कसोटी लागू आहे. मांग, ढोर, भटके-विमुक्त, आणि आपल्याच घरातली बाई यांचे चेहरे आपल्याला वेगवेगळे दिसतात की 'समाज' या एका शब्दात मिसळून जातात, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

नजर जन्मजात असती तर बोलणेच खुंटले असते. व्यक्ती-व्यक्तींतल्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, असे जुळ्यांच्या अभ्यासातून दिसते. परंतु कुणाचे चेहरे शिकायचे, हे सहवास ठरवतो. आणि बालपणीच्या सहवासाचे काम मोठेपणीचा सहवास पुरेपूर करू शकत नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने दाखवले आहे. म्हणून शाळेत कोण कुणाशेजारी बसतो, वस्ती गावाच्या आत की बाहेर, पाठ्यपुस्तकात कुणाचे जगणे येते, हे प्रश्न शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी किरकोळ मानू नयेत. पुढच्या पिढीची नजर तिथेच घडते आहे.