सुरुवातीचा संच, शेवटाचं काय?

जून महिन्यात अबुधाबीतल्या एका दुकानातून मी ई-सिगारेटचा एक छोटा 'स्टार्टर किट' विकत आणला. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी लागलेली सिगारेट पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षीही सुटलेली नव्हती. दिवसाला दहा-बारा. घरी माहीत नाही, अशी माझी समजूत. या संचाचं परीक्षण लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, कारण आखातात राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या निम्म्या सिगारेटवाल्यांनी गेल्या काही वर्षांत असलंच काहीतरी हातात घेतलंय आणि त्याबद्दल मराठीत जे कानावर येतं ते दोनच प्रकारचं असतं: 'हे तर विषच' किंवा 'यात काहीच नसतं'. दोन्ही खरं नाही. कंपनीचं नाव मी देत नाही. या आकाराचे बहुतेक संच आतून सारखेच असतात आणि माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही.

खोक्यात काय होतं ते आधी सांगते. बोटाएवढी लांब, चपटी बॅटरी, ८०० एमएएचची. त्यावर बसणारे २ मिलिलिटरचे दोन पॉड, आत १.२ ओहमची कॉइल. चार्जिंगची वायर. आणि घड्या घातलेलं, मुंगीच्या अक्षरातलं माहितीपत्रक. द्रव वेगळा घ्यावा लागतो. मी घेतलेल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन होतं. युरोपीय संघातही हीच वरची मर्यादा आहे. बाकी द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि स्वाद. स्वाद आंब्याचा होता. हापूस म्हणवत नाही, पण टिनमधल्या आमरसाच्या जवळपास.

चालवायला शिकावं लागत नाही. बटणच नाही. झुरका घेतला की आतल्या सेन्सरला दाबातला फरक कळतो, कॉइल तापते आणि कापसात मुरलेला द्रव उडतो. जुन्या द्रवातलं निकोटिन घशाला फार लागायचं. आता बाटल्यांत निकोटिनचा क्षार असतो, तो मऊ उतरतो. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'जूल'ने ही युक्ती लोकप्रिय केली.

इथे एका शब्दाबद्दल हरकत घ्यायलाच हवी. याला सगळे 'वाफ' म्हणतात. मी पोटापाण्यासाठी हवेतल्या सूक्ष्म कणांवर काम करते, म्हणून सांगते: ही वाफ नव्हे, हे थेंबांचं धुकं आहे. ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू २९० अंश, ते नाकासमोर वाफेच्या रूपात राहू शकत नाही. गार होताच त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि तेच आपण ओढतो. हा केवळ शब्दच्छल नाही. वाफ म्हटलं की आपल्याला सर्दीत डोक्यावरून टॉवेल घेऊन घेतलेला वाफारा आठवतो. वाफ म्हणजे औषध, हे आपल्या हाडीमाशी रुजलंय. त्या शब्दाची पुण्याई या यंत्राला फुकट मिळते.

आता चांगलं काय ते. इथे काही जळत नाही, आणि सिगारेटचा मुख्य दोष जळण्यातच आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर ज्वलनातून येतात. निकोटिन व्यसन लावतं, पण कॅन्सरचा मुख्य भार धुराचा असतो. माझ्यापुरतं म्हणाल, तर तिसऱ्या आठवड्यात सकाळचा खोकला थांबला. ओढणीला, केसांना वास येईना. ज्याने सिगारेट पूर्ण सोडून हे घेतलं, त्याने नुकसान बरंच कमी केलं, हे मी निःशंकपणे लिहीन. निर्धोक मात्र म्हणणार नाही. कापूस कोरडा पडला की कॉइल जास्त तापते आणि द्रवाचं विघटन होऊन फॉर्मॅल्डिहाइडसारखी द्रव्यं तयार होतात. घशाला जळका ठसका बसतो तो हाच. तसा झुरका दुसऱ्यांदा घेऊ नये. शिवाय आजच्या ई-सिगारेटचा जन्म २००३ च्या सुमारास चीनमध्ये झाला, आणि फुप्फुसाचे कॅन्सर वाढायला याहून जास्त काळ घेतात.

बांधणीतले दोष हवामानाने उघड केले. जुलैत पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी आतून साठ अंशांवर जाते. द्रव पातळ होऊन पॉडच्या बुडातून पाझरला आणि पर्सचा तळ चिकट झाला. द्रवाचं जाऊ दे, पण लिथियमची बॅटरी तशा गाडीत ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा, आणि तो मी दोनदा केला. दुसरी गोष्ट लहान मुलांच्या घरासाठी. भरलेल्या त्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम निकोटिन असतं आणि तिला आंब्याचा वास येतो. झाकण मुलांना सहज न उघडणारं आहे, तरी बाटली औषधांच्या कुलूपबंद कपाटातच हवी.

हे सगळं मी सहज माफ केलं असतं. खरा दोष कळायला मला दोन बाटल्या लागल्या.

पहिली बाटली १८ दिवस पुरली. दिवसाला साधारण १.७ मिलिलिटर, म्हणजे ३३ मिलिग्रॅम निकोटिन. दुसरी ११ दिवसांत संपली: दिवसाला २.७ मिलिलिटर, ५५ मिलिग्रॅम. बाटलीतलं सगळं रक्तात उतरत नाही, हे धरूनही दिशा स्पष्ट होती. मी सिगारेट सोडली होती आणि निकोटिन वाढवलं होतं. कधी, ते कळलंच नव्हतं.

का कळलं नाही? कारण सिगारेट संपते. दहा-बारा झुरके झाले की बोटाला चटका बसतो, थोटूक विझवावं लागतं, दुसरी पेटवायची तर पुन्हा गच्चीवर जावं लागतं. तंबाखूच्या जितक्या तऱ्हा मी पाहिल्या, त्या सगळ्यांना असा शेवट आहे. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची. ती दाताला लावायची, आणि चूळ भरली की संपलं. आजोबांच्या चंचीतली चिमूट चुन्याबरोबर मळली की थोड्या वेळाने थुंकावीच लागे. इथे माझा एक अमिराती सहकारी 'मिदवाख' ओढतो. त्या चिमुकल्या नळीत 'दोखा' नावाचा कडक तंबाखू असतो. दोखा म्हणजे अरबीत चक्कर, आणि येतेही. पण नळीचं तोंड इतकं लहान की दोन-तीन झुरक्यांत राख झटकावी लागते. या सगळ्या वस्तू वाईटच. पण प्रत्येक जण आपल्या परीने सांगते, 'झालं.'

हा संच 'झालं' म्हणत नाही. एका चार्जिंगचा हिशोब करा: सुमारे ११ वॉट, तीन सेकंदांचा झुरका, म्हणजे कागदावर तीनशेच्या आसपास झुरके. पंचवीसेक सिगारेटी एकाला एक जोडून, मध्ये न विझणाऱ्या. वास नाही म्हणून मी स्वयंपाकघरात ओढलं, पेपर लिहिताना ओढलं, पहाटे अंथरुणात ओढलं. बटण नसल्यामुळे ते श्वासाइतकंच सोपं झालं. दिवा आहे, पण तो बॅटरी किती उरली ते सांगतो, मी किती ओढलं ते नाही. झुरके मोजणारा साधा आकडा दाखवणारे संच बाजारात आहेत. तो आकडा माझ्या लेखी अकरा स्वादांपेक्षा मोलाचा.

आता माहितीपत्रक. मी ते भिंगाखाली पुरतं वाचलं. चार्ज कसं करावं, पॉड कसा भरावा, कॉइल कधी बदलावी, सगळं आहे. कमी कसं करावं, थांबावं कसं, यावर एक ओळ नाही. नावातच सुरुवात आहे, शेवटाचा संच कुणी विकत नाही.

तुम्ही म्हणाल, हे किट सिगारेट सोडवतं असं तर संशोधनही सांगतं. सांगतं खरं, पण ते नीट वाचायला हवं. २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पॅच-गमसारखी निकोटिनची साधनं दिली, निम्म्यांना ई-सिगारेटचा अगदी असाच सुरुवातीचा संच. वर्षभराने पहिल्या गटातल्या ९.९ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती, दुसऱ्या गटातल्या १८ टक्के. जवळपास दुप्पट. दुकानदार इथेच थांबतो. पुढची वाक्यं अशी: संच घेऊन सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. पॅच-गम घेऊन सुटलेल्यांत ती साधनं अजून वापरणारे ९ टक्के होते. आणि दोन्ही गटांना निदान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशक भेटत होता. म्हणजे चाचणी नुसत्या खोक्याची नव्हती. खोका, सोडायची ठरलेली तारीख आणि विचारपूस करणारा एक माणूस, अशी तिघांची मिळून होती. मला दुकानात त्यातला एकच भाग मिळाला.

उरलेला धडा गणपतीत मिळाला. इथे २०१९ च्या एप्रिलमध्ये ई-सिगारेटच्या विक्रीला मानक ठरवून परवानगी मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्यावर शंभर टक्के अबकारी कर बसला. भारताने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वटहुकूम काढून आणि डिसेंबरमध्ये कायदा करून आयात, विक्री, साठवण, सगळंच बंद केलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बॅटरीमुळे हे यंत्र चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, आणि जवळ ठेवून मुंबईला उतरावं तर कायदा. तुमच्यापैकी जे 'एवढंसं तर आहे' म्हणून खिशात टाकतात, त्यांनी टाकू नये. मी संच अबुधाबीत ठेवून गेले.

चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी नाक्यावरच्या टपरीवरून एक सुटी सिगारेट घेतली. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली आहे. टपरीवाल्याने वर काडेपेटीही दिली. संध्याकाळी आई मोदकाच्या कळ्या पाडता पाडता, मान वर न करता म्हणाली, "या वेळी पहिले चार दिवस तुझ्या ओढणीला वास नव्हता."

इतकी वर्षं मी समजत होते की तिला माहीत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. सिगारेट न ओढणाऱ्याला, विशेषतः आंब्याच्या वासाने भुलणाऱ्या कॉलेजातल्या भाच्या-पुतण्याला, या संचाचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी तो खरोखर सुरुवातीचाच संच आहे. सिगारेट ओढणाऱ्याला तो उपयोगी आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा आपण बनवायचा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि संपल्याचीही. २० वरून १० वर या, पण एवढ्याने फसू नका. निकोटिन कमी झालं की माणूस नकळत जास्त झुरके घेतो, म्हणून मिलिलिटरही मोजा. यंत्राला घरात जागा नेमून द्या. माझी आता फक्त गच्ची. मायदेशी जाण्याआधी आठवडाभर निकोटिन गमची सवय करा, ते भारतात कायदेशीर मिळतं. आणि एका माणसाला सांगा, जो दर आठवड्याला विचारेल.

मी १० च्या बाटलीवर आहे, ती २१ दिवस पुरली. सिगारेट परतल्यापासून नाही. दर शुक्रवारी आईचा फोन येतो. ती जेवणखाण विचारते, हवा विचारते, आणि शेवटी विचारते, "किती उरलं गं?" मी आकडा सांगते. ती तो कॅलेंडरवर लिहून ठेवते.