‘मॅनिक मायनर’ : श्वासाचे मोजमाप आणि श्रमाचे एकाकीपण

प्रस्तावना :
संगणकीय खेळ म्हणजे निव्वळ करमणूक, अशी धारणा आपल्या समीक्षाव्यवहारात रूढ आहे. प्रस्तुत लेखात ‘मॅनिक मायनर’ या खेळाच्या आधारे तिची तपासणी केली आहे. मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन इंग्रज प्रोग्रामरने १९८३ साली ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या घरगुती संगणकासाठी, अवघ्या ४८ किलोबाइट स्मृतीत हा खेळ रचला. याच संगणकाची पुढील आवृत्ती भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आली. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे. मनीषनगरालगतच्या लोहमार्गाने कोळशाच्या मालगाड्या जातात. अशा परिसरात खाणकामगाराला नायक करणाऱ्या या कृतीचा विचार अधिकच औचित्यपूर्ण ठरतो.

रूपविचार :
नायक विली एका विस्मृत प्राचीन खाणीत शिरतो. तिचे निर्माते कधीच लोप पावले आहेत. यंत्रमानव मात्र अद्याप राबत आहेत. डावीकडे जाणे, उजवीकडे जाणे व उडी मारणे, एवढ्याच क्रिया विलीला शक्य आहेत. उडी घेतल्यावर दिशा बदलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक उडी हा अपरिवर्तनीय निर्णय होतो. एकूण २० गुहांपैकी प्रत्येकीतील सर्व वस्तू गोळा केल्याशिवाय बाहेरचे दार उघडत नाही. दरम्यान पडद्याच्या तळाशी हवेची पट्टी आखूड होत जाते. उरलेल्या हवेचे रूपांतर गुणांत होते. शेवटची गुहा पार केल्यावर पुन्हा पहिली गुहा समोर येते. श्रमाचे हे न संपणारे चक्र शब्दांतून नव्हे, तर नियमांतून व्यक्त होते. हेच या कृतीचे सामर्थ्य होय.

मर्यादा :
तथापि येथेच एक मूलभूत आक्षेप उद्भवतो. प्रत्यक्ष भूमिगत कोळसा खाणीत हवा ही सामूहिक जबाबदारी असते. वायुवीजनाचे पंखे अखंड चालवावे लागतात. माइनिंग सरदार वायूची व छताची तपासणी करतो. एकाचा श्वास दुसऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असतो. विलीला मात्र ना पाळी आहे, ना सरदार, ना सोबती. त्याचा श्वास ही त्याची खासगी शिल्लक आहे आणि ती वाचवण्याचे बक्षीसही त्याला एकट्यालाच मिळते.

निष्कर्ष :
साधनांच्या अल्पतेमुळे ‘मॅनिक मायनर’ उणा ठरत नाही. उलट त्यामुळेच त्याचे रूप नेमके झाले आहे. उणीव आहे ती श्रमाच्या कल्पनेत. खाणीतील धोका त्याने अचूक टिपला; त्या धोक्यातून माणसांना तारणारे सहकार्य मात्र त्याच्या चौकटीबाहेरच राहिले.