बिंदगी

यंदाच्या वेळा अमावास्येला इंग्लंडात दुपारी चारलाच अंधार पडला होता. अक्कांच्या घरी आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातली पाचसहा कुटुंबं जमलो होतो. भज्जी होती, उंडे होते, आणि मधोमध आंबिलाने भरलेली मातीची बिंदगी. अक्कांनी ती स्वतःच्या हातांनी घडवली आहे.

बिंदगी हा शब्द कन्नडातल्या ‘बिंदिगे’वरून आला. लातूर-धाराशिवपासून भालकी-आळंदपर्यंत वेळा अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, आंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन लोक शेतात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप घालून पूजा होते. मी आळंदचा, अक्का भालकीच्या. आमचं मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वाक्यात नांदतं.

आठवडाभर अक्का हिशेबाचं काम करतात. शनिवार मात्र गॅरेजमधल्या मातीकामाच्या चाकाचा. संध्याकाळच्या वर्गात त्या कप आणि वाडगे करायला शिकल्या, पण मन बिंदगीत अडकलेलं. तिचं बूड गोल. चाकावरून तारेने कापून काढलेलं भांडं सपाट बुडाचंच उतरतं. मग त्यांना भालकीच्या कुंभारआळीतलं लहानपणी पाहिलेलं आठवलं: अर्धवट सुकलेल्या भांड्यात आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थापटत बूड गोलावत न्यायचं. भिंत पातळ होते, माती घट्ट बसते. थापटण्याचा आवाज जसा बदलतो, तशी जाडी कळते. अक्का डोळे मिटून थापटतात.

भालकीत हा आवाज फार जुना आहे. बाराव्या शतकातले शरण कुंभार गुंडय्या इथलेच. ते मडक्यावर ताल धरत आणि त्या तालावर शिव नाचू लागे, अशी कथा कन्नड कवी हरिहराने त्यांच्यावरच्या रगळे-काव्यात सांगितली आहे. पलीकडे तेरला गोरोबाकाका. मराठी आणि कन्नड या दोन्ही भक्तिपरंपरांत चिखल तुडवणारा संत आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

पहिल्या तीन बिंदग्या भट्टीतच फुटल्या. इंग्लंडच्या दमट हवेत बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या भांड्याच्या पोटात ओल राहते. तापल्यावर तिची वाफ होते आणि भांडं उडतं. आता अक्का भांड्याच्या ओठावर कापड टाकून दोन-तीन आठवडे सावकाश सुकवतात. रोज कामावर जाताना गालाला लावून बघतात. गार लागलं की अजून ओल आहे.

आंबील आंबट, म्हणून आतून शिसं नसलेली झिलई देऊन त्या बाराशे अंशांच्या वर भाजतात. अशा बिंदगीतून पाणी झिरपत नाही, त्यामुळे ते गारही होत नाही. माठाचं ते सुख कमी तापमानाला भाजलेल्या सच्छिद्र मातीचंच. बाहेरून मात्र अक्कांनी बीदर आणलं आहे. काळ्या मातीचा पातळ लेप, त्यावर कोरलेल्या बारीक रेषा, रेषांत पांढरी माती भरून वरचं खरवडलेलं. बिदरी कामातली चांदीची तारकशी जणू मातीत उतरली. झिलई निळी असली की मला बहमनी वजीर महमूद गवानच्या मदरशावरच्या फरशा आठवतात. गवान इराणच्या गिलानचा. 1472 मध्ये त्याने बीदरला मदरसा उभा केला. झिलईच्या फरशांची इराणी कला त्याआधीच आमच्या मुलखात राहायला आली होती आणि आमचीच झाली.

गोल बुडाचं भांडं भट्टीतल्या सपाट फळीवर उभं राहीना. शिकवणाऱ्या बाईंनी बुडाखाली तीन टेकू सुचवले. अक्कांनी त्याऐवजी मातीचं एक कडं वळून भाजून घेतलं आणि त्यावर बिंदगी बसवली.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“चुंबळ,” अक्का म्हणाल्या. आता त्या वर्गात त्या कड्याला सगळे चुंबळच म्हणतात.